बाकावरची हद्द

खोडरबर म्हणून जिला सगळे हाक मारतात ना, तिनं उभा जन्म दुसऱ्यांच्या तोंडावरचे डाग पुसण्यात घालवला. फोटो स्टुडिओत कामाला होती. आधी डोळ्याला भिंग लावून बारीक ब्रशनं, मग कॉम्प्युटर आला तर त्याच्यावर. कुणाचा मस, कुणाच्या मुरुमांचे खड्डे, कुणाच्या डोळ्याखालचं काळं. नवरी मुलगी स्टुडिओत यायची माणसासारखी, आणि फोटोतून निघायची उकडून सोललेल्या अंड्यासारखी. लोक खूश, मालक खूश. हिचं स्वतःचं मात्र आईचं करता करता लग्नबिग्न राहूनच गेलं. आई जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून त्या तीन खोल्यांत ही एकटी. एकटी म्हणजे किती, तर दुधवाल्यासाठी पिशवी दाराला अडकवायची नाही. दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून हातात घेऊन उभी राहायची.

भाऊ आहे एक, पाठचा. दीड दिवसाच्या वाटेवर राहतो. भांडण नाही, तंटा नाही. आईच्या वेळी आला, चार दिवस राहिला आणि गेला तो गेलाच. रविवारी फोन करतो. "बरी आहेस ना ताई?" "बरी आहे. तू?" "मीपण." झालं. तोंड दाखवून बोलायचा त्याला कंटाळा, नुसता आवाज.

तर झालं काय, घरमालकाला घर हवं झालं. महिनाअखेर रिकामं करा म्हणाला. हिला मिळाली पलीकडच्या गल्लीत एक खोली. बाकीचं सामान कसंबसं कोंबता आलं असतं, बाक काही बसेना. मागच्या दारी पन्नासेक वर्षं उन्हापावसात उभा असलेला लाकडी बाक, बापानं स्वतः ठोकलेला. रंग कधीच उडालेला, लाकूड राखाडी पडलेलं, भेगा इतक्या की मुंग्यांचे रस्ते झालेले. आणि बरोबर मधोमध खिळ्यानं ओढलेली एक रेघ. ती ह्या बहीणभावांची हद्द. शाळेतून आल्यावर इकडे ही, तिकडे तो. ढोपर पलीकडे गेलं की चिमटा.

शेजारचे सुतारकाका म्हणाले, "बाक दे मला. खालची फळी अजून टणक आहे, कामाला येईल."

"धाकट्याला विचारते आधी. अर्धा त्याचाय."

"विचारतेस काय? सरळ सांग, घर जातंय, एकदा येऊन बघून जा म्हणून."

"मी कशाला सांगू? त्याला कळायला नको?"

"वा! न सांगता कळायला तो काय मांत्रिक लागून गेलाय?"

पण ही सांगेना. तिनं ठरवलं, बाकाचा फोटो पाठवायचा. असा, की बघितल्यावर त्याचा पाय घरात ठरू नये, उठून गाडीतच बसला पाहिजे. मनातलं तोंडानं बोलायचं नाही, फोटोकडून बोलवून घ्यायचं. स्वभावच तसा, दुसरं काय.

स्टुडिओच्या मालकाकडून अगदी जवळचं टिपणारी लेन्स मागून आणली. दुपारी काढला तर लाकूड सपाट, पत्र्यासारखं. मग सकाळी जायला लागली, ऊन तिरपं असताना. तिरप्या उन्हात एकेका रेषेची सावली पडते, भेग अशी खोल दिसते की बोट घालावं. जमिनीवर पालथी पडून, श्वास धरून काढायची. साठीची बाई! सुतारकाका कुंपणावरून म्हणाले, "काय गं, काही हरवलं का?"

"हो, चष्मा."

चष्मा नाकावरच होता.

फोटो झाला, पण खरी पंचाईत पुढेच. आधी तिनं रंग चढवला, जरा तांबूस. बाक दुकानातल्या फर्निचरसारखा दिसायला लागला. हा बघून तो म्हणेल, चांगला आहे की, विकून टाक. मग सगळा रंग काढला, काळापांढरा केला, भेगा गडद केल्या. तर कुणीतरी वारल्याची बातमी वाटायला लागली. "छे, उगाच घाबरेल." मग हात आपोआप सवयीनं चालला. खिळ्याच्या गंजाचा ओघळ पुसला, पाखराची शीट पुसली, दोनचार भेगा बुजवल्या, आणि त्या भरात रेघही पुसली गेली. पुसून झाल्यावर लक्षात आलं. अशी दचकली, की खुर्चीवरून उठलीच. सगळं होतं तसं परत आणलं, गंजासकट, शिटेसकट. लाकडाचा राखाडी रंगही तसाच ठेवला. फक्त रेघेतली सावली केसभर गडद केली. कुठल्या नवरीवर घालवले नसतील इतके दिवस त्या एका फळीवर घालवले. पाठवताना खाली लिहिलं काय, तर "बाकाचं काय करू?" बस.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी आलं: "ताई, फोटो बघतच राहिलो. रेघ अजून आहे! मोठा छापून घेतलाय, भिंतीवर लावतो. आता बाक देऊन टाकलास तरी चालेल. माझा अर्धा मला मिळाला."

तीनदा वाचलं तिनं. फोटो इतका चांगला निघाला होता, की त्याला यायची गरजच उरली नव्हती. आता हे सांगणार कुणाला? सगळं तिच्याच हातचं.

सुतारकाका बाक न्यायला आले. उचलता उचलता म्हणाले, "मग, येतोय ना धाकटा?"

"कामात आहे तो."

बाकाच्या पायांचे चार खड्डे राहिले मातीत. ती कितीतरी वेळ चपलेनं बुजवत होती.

त्या रविवारी फोन नाही, त्याच्या भिंतीचा फोटो आला. चौकटीत, काचेखाली तीच फळी. रेघ नीट छापलीय का बघायला तिनं बोटांनी मोठा केला. छपाई बरी होती, पण काचेवर काहीतरी उमटलं होतं. असलं काही दिसलं की स्टुडिओत पहिलं ते काढायचं. तिनं आणखी मोठा केला. माणूस होता. दोन्ही हातांनी फोन धरून उभा. डोक्यावर केस नाहीत, पोट सुटलेलं, खांदे पडलेले. मागे टेबल, टेबलाला एकच खुर्ची, टेबलावर एकच कप. ओळखायला वेळ लागला. गेला तेव्हा डोकंभर केस होते त्याला. बायको सोडून गेली हे त्यानं तीन वर्षांपूर्वी एका वाक्यात सांगितलं होतं, आणि हिनंही "बरं" म्हणून फोन ठेवला होता.

तिनं लिहिलं, "काचेत दिसलास. तू ये, नाहीतर मी येते." आणि पाठवून दिलं, विचार करायच्या आत.

दुसऱ्या दिवशी सुतारकाका सामान हलवायला आले तर ही उघड्या पेटीपाशी बसलेली, फोन मांडीवर.

"चहा नाही का आज?"

"ठेवते."

काकांनी एक ट्रंक नेऊन ठेवली, दुसरी नेली, गादी नेली, परत आले. ही तिथंच बसलेली.

"अगं, चहा?"

"ठेवते म्हटलं ना," म्हणाली, आणि उत्तर आलं का म्हणून फोन उचलून पुन्हा बघितला.