बाई वर्गात झोपतात

माझा तो व्हिडिओ अठरा सेकंदांचा आहे. मी खुर्चीत बसले आहे, मान एका खांद्यावर कलंडली आहे, तोंड उघडं, आणि घोरण्याचा आवाज असा की पुढच्या रांगेतली पोरं तोंडावर हात धरून हसताहेत. मागे फळ्यावर हातच्याची वजाबाकी अर्धी सोडवलेली. शाळेच्या समितीतला एक पालक कुठल्याशा कागदावर सही घ्यायला आला होता. त्यानं मला हाक मारली नाही. खिडकीच्या गजांतून मोबाइल आत धरला आणि आल्या पावली निघून गेला.

शाळेतून एसटीनं शिरपूरला घरी येईपर्यंत तो व्हिडिओ माझ्या आधी पोचला होता. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'फुकटात नोकऱ्या भेटल्या का असंच होते.' कोणाला उद्देशून, ते आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. आम्ही बौद्ध. माझे वडील लोकांच्या वावरात सोयाबीन सोंगायला जायचे आणि मी कंदील पुसून अभ्यासाला बसायचे. डी.एड.च्या यादीत माझा नंबर बराच वर होता, पण ती यादी कोणी मोबाइलवर फिरवली नाही. व्हिडिओ फिरला तेव्हा वडील हयात नव्हते, एवढं बरं झालं.

झोप मला काही त्या दिवशीच आली नव्हती. दहाएक वर्षं ती माझ्या मानगुटीवर बसली होती. सकाळी उठायचे तर डोकं ठणकत असायचं, तोंड कोरडंठाक. आठ तास अंथरुणात काढूनही रात्रभर निंदायला गेल्यासारखं अंग व्हायचं. एसटीत खिडकीला डोकं टेकलं की माझा थांबा मागे पडायचा. कितीदा तरी मी पुढच्या फाट्यावर उतरून शाळेपर्यंत उलट चालत आले. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या झाल्या. मग कोणी थायरॉइड तपासलं, कोणी बीपीची गोळी चालू केली. सासूबाई म्हणायच्या, "नोकरीवाल्या बायाले आळसच लई." रात्री मी कशी झोपते, हे मला एकाही डॉक्टरनं विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी मला कुठं ठाऊक होतं?

ठाऊक होतं माझ्या नवऱ्याला. ते तालुक्याला कारकून आहेत. लग्नाला पाचेक वर्षं झाली तेव्हा त्यांनी आपली खाट उचलून बैठकीत नेली. "तुह्या आवाजानं झोप नाही लागत," म्हणाले. लग्नकार्यात चार पाहुणे जमले की सांगायचे, "आमच्या घरी ट्रॅक्टर हाय, बिना डिझेलचा." सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण न हसणाऱ्या बाईला आपल्याकडे तुसडी म्हणतात.

व्हिडिओनंतर चार दिवसांनी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातून नोटीस आली. कर्तव्यात कसूर का मानू नये, याचा लेखी खुलासा करा. खुलासा काय करणार? झोप आली, झोपले. मी कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले आणि त्यावरही पेंगले.

त्याच आठवड्यात माझी दाढ फुटली. साधी पोळी खाताना टवका उडाला. नवऱ्यानं वाशिमला दाताच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मुलगीच म्हणावी एवढी तरुण. तिनं माझे दात पाहिले आणि म्हणाली, "ताई, सगळेच दात घासलेत तुमचे. झोपेत दात खाता का?" मग जीभ बाहेर काढायला लावली. जिभेच्या कडांवर दातांचे वळ होते. हनुवटी दोन बोटांत धरून तिनं एका बाजूनं पाहिली. दाढ बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि थोडा वेळ थांबायला सांगून खुर्ची मागे कलती केली.

मी तिथंच झोपले. भर दुपारी, तोंडावर तो दिवा, बाहेर दळणाच्या चक्कीचा आवाज, आणि मी झोपले.

जाग आली ती माझा खांदा कोणीतरी हलवत होतं म्हणून. डॉक्टर होती. तिनं नवऱ्याला आत बोलावलं. "यांचा श्वास थांबत होता. मी घड्याळ लावून पाहिलं. घोरणं एकदम बंद होतं, छाती हलते पण हवा जात नाही, आणि मग धक्का बसल्यासारखा श्वास येतो. घरी असं होतं का कधी?"

नवरा म्हणाला, "हे तं रोजचंच हाय."

"रोजचं?"

"हो. बैठकीपर्यंत आयकू येते. घोरता घोरता थांबते, मंग एकदम धापकन घेते. मले वाटे, सपन पाहून राह्यली."

दाढ बधिर झालेली, अर्धं तोंड माझ्या ताब्यात नव्हतं. नाहीतर तिथंच काय बोलले असते कोण जाणे.

डॉक्टरनं समजावलं ते असं. माझा खालचा जबडा लहान आहे आणि मागे सरकलेला आहे. झोपेत जीभ आणि घशाचं मांस सैल पडून मागे जातं आणि हवेची वाट बुजते. अंगाला हवा मिळाली नाही की मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो. रात्रभर हेच चालतं. माणूस झोपलेला दिसतो, पण झोप होत नाही. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. मात्र नक्की सांगायला झोपेची तपासणी लागते, म्हणून तिनं अकोल्याच्या छातीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली.

परतीच्या एसटीत दाढेचा बधिरपणा उतरला. मग विचारलं, "तुमाले एवढं माहीत होतं, तं मले काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू? बाईमाणसाले तोंडावर म्हणावं का, तू घोरते म्हणून? तुलेच वाईट वाटलं असतं."

"पाहुण्यांत तं सगळ्याइले सांगत होते."

ते खिडकीबाहेर तुरीच्या वावरांकडे पाहत राहिले.

अकोल्याला अंगाला वायरी लावून एक रात्र काढली. आजार निघाला, मध्यम प्रकारचा. तिथल्या डॉक्टरांनी आधी हवेचं मशीन सुचवलं. नाकावर मास्क बांधून झोपायचं. मी पंधरा दिवस प्रयत्न केला. मास्कमध्ये जीव घाबरायचा, आणि आमच्याकडे लाइट गेली की मशीन मुकं. तेव्हा तेच म्हणाले, तुमच्या प्रकाराला दातांवर बसवायचं साधनही चालेल, वाशिमच्या डॉक्टरला विचारा.

तिनं गुलाबी लगद्यात माझ्या दातांचं माप घेतलं. काही दिवसांनी साधन आलं. वरच्या दातांना एक पारदर्शक खोळ, खालच्यांना एक, आणि दोन्हींना जोडणारा बारीक स्क्रू. लावलं की खालचा जबडा पुढे धरला जातो, जीभ मागे पडत नाही. दर आठवड्याला स्क्रू थोडा फिरवायचा. सुरुवातीला लाळेनं उशी ओली व्हायची. सकाळी जबडा दुखायचा आणि पहिला घास वाकडाच चावला जायचा. सासूबाईंनी वाटीत पाण्यात ठेवलेलं ते साधन पाहून विचारलं, "एवढ्यातच कवळी लागली?"

महिनाभरानं एका सकाळी मी उठले आणि डोकं दुखत नव्हतं. मी चहा ठेवला. दूध उतू जाताना दिसलं आणि वेळेवर हात गेला. एवढी साधी गोष्ट, पण मला ओट्यापाशी रडू आलं. आनंदाचं नव्हतं ते रडणं. लोक रोज सकाळी असे उठत होते, आणि दहा वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते.

साधन लावून पुन्हा तपासणी झाली. श्वास थांबणं बरंच कमी झालं होतं. दोन्ही रिपोर्ट, साधनाची डबी आणि मुदत मागून रखडवलेला खुलासा घेऊन मी तालुक्याच्या साहेबांकडे गेले. त्यांनी डबी उघडून साधन पेनच्या टोकानं हलवून पाहिलं, कागद चाळले आणि नोटीस निकाली काढली. लिहिलं, 'पुन्हा अशी चूक होऊ नये अशी सक्त समज देण्यात येत आहे.' सेवापुस्तकात तो कागद लागला. त्यात आजार हा शब्द कुठंच नाही.

मुलगी आता अमरावतीला हॉस्टेलला असते. ती लहान असताना संध्याकाळी वही घेऊन माझ्याजवळ यायची आणि मी तिच्यावर खेकसायचे, नाहीतर तिचं बोलणं चालू असतानाच डोळे मिटायचे. दिवाळीला ती आली तेव्हा मी जेवणं आटोपून तिच्याजवळ बसले. म्हटलं, बोल, आता मी जागी आहे.

ती मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली, "आता काय बोलू, आई? तवा लई सांगाचं होतं."

मी विचारलं, तेव्हा काय सांगायचं होतं. तिला आठवेना. खोटं बोलत होती की खरंच आठवत नव्हतं, मला कळलं नाही. थोड्या वेळानं ती आपल्या खोलीत गेली. मी तिथंच बसून राहिले. झोप अजिबात येत नव्हती.