धुराच्या आधी

केळीला थंडी सोसत नाही. आमच्या यावलकडे कडाका पडला की बांधावर ओलसर पालापाचोळा पेटवून बागेत धूर करतात. मागच्या थंडीत नात दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन मळ्यात आली, तेव्हा हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"कशाचा फोटो काढतेस?" मी विचारलं.

"आपल्या शेजारी ताऱ्यांचं दुसरं मोठं गाव आहे, आजी. त्यात एका जागी नवे तारे जन्मतात. त्या जागेचा."

"शेजारच्या गावात बाळंतपण आणि तू आमच्या बांधावरून डोकावणार!"

फोटो तिला कॉलेजच्या प्रदर्शनात लावायचा होता. सुट्टीच्या दोनच रात्री उरल्या होत्या. पहिल्या रात्री मीच सवयीनं आठ वाजता धूर पेटवला. तिच्या फोटोत नुसतं ताक आलं. पोरगी रडली नाही, पण जेवलीही नाही. चूक माझी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या बागेच्या आबांकडे गेले. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे येतो.

"आबा, आज धूर उशिरा करा."

"अक्का, मी आठला पेटवतो न् झोपतो. तुमच्या नातीच्या चांदण्यांसाठी माझी केळी मारू?"

"खरी थंडी पहाटे पडते. दोन वाजता मी येऊन तुमचा धूर पेटवते."

"अन् तुम्हाला झोप लागली तर?"

"तर माझ्या बागेतले घड कापून न्या."

"लहान लहान घड तुमचे! काय करू घेऊन?" म्हणाले, पण काडीपेटी माझ्या हातात दिली.

रात्र काचेसारखी स्वच्छ होती. नात एकाच जागेचे फोटो घेत राहिली. नंतर ते एकावर एक रचायचे असतात म्हणे. एकच्या सुमाराला ते तारे पश्चिमेला केळीच्या पानांआड उतरले आणि तिनं सामान आवरलं. दोनला आम्ही दोघींनी आधी आबांचा धूर पेटवला, मग आमचा. आबा घोंगडी पांघरून बांधावर बसलेच होते. भरवसा नव्हता म्हाताऱ्याला.

चार दिवसांनी फोटो मोबाइलवर आला. धुरकट ढग आणि त्यात एक तांबडा ठिपका.

"पानावर करपा पडलाय," मी फोनवर म्हणाले.

"तेच ते बाळंतपण, आजी! तिथला उजेड आपल्यापर्यंत यायला लाखो वर्षं लागतात."

"मग ती बाळं आता म्हातारी झाली असतील."

"आकारानं मोठी होती ती तर भराभर जळून मेलीसुद्धा असतील."

"मग फोटो काढलास ते बरं केलंस."

आबांनाही दाखवला. "एवढ्याशासाठी मला जागवलं?" म्हणाले. पण यंदा थंडी पडल्यापासून रोज संध्याकाळी बांधावरून हाक येते, "अक्का, नात आली का? नाही ना? मग पेटवू?"