खोळीत कोण आहे

"खांदा आखड गं जरा. श्वास सोड आणि सरक."

"सोडला की. अजून किती सोडू? रिकामी झाले मी सगळी."

"मग दुसरा हात आत घे."

"घेऊ कुठून? हात बाहेर, खांदा मध्ये, आणि डोकं आत. तुम्हीच सांगा, आधी काय घेऊ."

कापसाच्या ढिगावर धाकली बसली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली, "ती जाड झालीय. काल माझं अर्धं अंडं तिनंच खाल्लं."

"तू गप," गादीच्या खोळीच्या आतून थोरलीचा आवाज आला. कापडातून आल्यामुळं तो म्हाताऱ्या बाईचा वाटला.

गादीवाल्यानं थोरलीच्या पाठीवर हात ठेवला आणि बेतानं आत ढकललं. टर्र झालं. खोळीच्या तोंडाशी शिवण चार बोटं उसवली. कापड गिऱ्हाइकाचं होतं, नवंकोरं. गादीवाल्यानं ढकलणं सोडलं आणि कमरेला धरून तिला बाहेर ओढलं. केस विस्कटलेले, नाकाला कापूस. ती उभी राहिली आणि त्या उसवलेल्या चार बोटांकडे बघत राहिली.

थंडी संपली की गादीवाल्याला मान वर करायला फुरसत नसायची. चार महिने अंगाखाली चेपून पापड झालेल्या गाद्या लोक एकदम बाहेर काढत आणि सगळ्यांना त्या आजच हव्या असत. पुढची खोली दुकान, मागची दोन घर, आणि मधल्या दाराला लावलेला पडदा कापूस अडवण्यापुरता. तोही अडत नसे. चहात कापूस, भातात कापूस, धाकलीच्या कानात तर कायमच. बाहेरच्या झाडाला तांबूस पालवी फुटली होती आणि दुपारचा वारा जुनी पानं दुकानात आणून टाकत होता. बायको बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायला जायची, ती पाचला परतायची. शाळा सध्या अर्धा दिवस. म्हणजे बारा ते पाच दोन पोरी आणि पंचवीस गाद्या, असा त्याचा वसंत ऋतू.

आता त्या खोळीचं सांगायला हवं. गादीवाले गावात आणखी तीन होते. ते कापूस भरायचे आणि कोपऱ्यात काठीनं ढोसायचे. काठीनं कापसाचा गोळा होतो, पण कोपरा भरत नाही. सहा महिन्यांत असला कोपरा शेळीच्या कानासारखा लोंबायला लागतो. याच्या गादीचा कोपरा दहा वर्षांनीही अंगठ्याला दाद देत नसे. कारण सोपं होतं. त्याच्या आईनं पाडलेली रीत अशी, की खोळ चारी बाजूंनी शिवून घ्यायची, एका कडेला दोन वीत तोंड ठेवायचं, कापूस भरून झाला की त्या तोंडातून एक लहान पोर आत सोडायचं. पोरानं मुठीमुठीनं कापूस कोपऱ्यात न्यायचा आणि टाचेनं दाबायचा. काठीला कोपरा कळत नाही, टाचेला कळतो.

तो स्वतः चौथ्या वर्षी पहिल्यांदा आत गेला आणि नवव्या वर्षी मावेनासा झाला. मग त्याचा भाऊ गेला, तो आता ट्रक चालवतो. मधल्या काही वर्षांत घरात लहान पोर नव्हतं आणि यालाही काठीच वापरावी लागली. त्या गाद्यांचं कुणी नाव काढलं की तो हवापाण्यावर बोलायला लागायचा. मग थोरली पाच वर्षांची झाली.

थोरलीचा त्यात हात बसला होता. चार वसंत तीच आत जात होती. आत गेली की बोलायची नाही. कोपरा झाला की आतून कापडावर दोनदा थाप मारायची, आणि चारही झाले की सापासारखी बाहेर यायची आणि समोरच्या स्टुलावर बसून बाप तोंड कसं शिवतो ते बघायची. मैत्रिणीच्या घरी गेली तर आधी गादीचा कोपरा दाबून बघायची. एकदा कुणाच्या तरी आईसमोर "काठी" एवढंच म्हणून ती परत आली होती, आणि त्या आईनं आठ दिवसांत गादी इथं पाठवली होती.

आणि आज शिवण उसवली.

"तू बस बाहेर," गादीवाला म्हणाला. "धाकली जाईल."

"तिला काय येतंय?"

"येईल. तुला तरी कुठं येत होतं."

"मला पहिल्या दिवसापासून येत होतं."

हे खरं होतं, म्हणून त्यानं धाकलीला कापसावरून उचललं. थोरली स्टुलावर जाऊन बसली. हात मांडीखाली घेतले आणि तोंड मिटलं. तिला बाहेर बसवलं हे एकच तिला त्या दिवशी दिसत होतं, आणि बापाला एकच दिसत होतं, की चारला नर्सबाई गादी न्यायला येणार.

धाकली खारीसारखी आत गेली. पण ती गप्प बसणारी नव्हती. "इथं अंधार आहे. इथं गरम आहे. बाबा, मला तुमचे पाय दिसतात. नाही दिसत. हा कोपरा कुठला? मी आता ससा आहे." गादीवाला उसवलेली शिवण पुन्हा घालत हं हं करत होता. मग पिंजायचं यंत्र अडलं, त्याचा पट्टा काढून पुन्हा बसवला. मग एकजण उशा द्यायला आला, त्याच्याशी घासाघीस झाली. मग शेजारचा सायकलवाला पाना मागायला आला आणि पाना घेऊन अर्धा तास बोलून गेला.

गादीवाला परत गादीपाशी आला. समोर स्टुलावर थोरली बसलेली. त्यानं दाभण उचललं, दोरा ओवला आणि तोंड शिवायला घेतलं.

यात त्याचं चुकलं काय, ते त्याला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चार वर्षं थोरली स्टुलावर दिसली की खोळ रिकामी, हे त्याच्या हातांना पाठ होतं. हातांनी स्टूल बघितलं आणि काम सुरू केलं. बाकी त्याचं डोकं पुढच्या गादीत होतं.

वीसेक टाके पडले. शेवटची चार बोटं उरली. तो गाठ मारायला वाकला.

"बाबा," थोरली म्हणाली, "धाकली आत आहे."

चहा निवतोय असं सांगावं तशी ती म्हणाली.

गादीवाल्यानं दाभण टाकलं. त्यानं हाक मारली. आतून ओ नाही. कात्री हाताशी होती, पण आत पोर कुठं आहे ते ठाऊक नसताना ती चालवायची कशी? त्यानं दोन्ही हातांनी शिवण धरली आणि फाडली. दोऱ्यानं बोट कापलं, ते त्याला नंतर कळलं. डोकं आत घालून बघितलं तर पार पलीकडच्या कोपऱ्यात धाकली तोंड उघडं टाकून झोपली होती. पापण्यांवर कापूस, कपाळाला घाम, श्वास एकदम बेतशीर. त्यानं तिला पायांना धरून ओढलं.

"मला का काढलं?" धाकली डोळे चोळत म्हणाली. "मी तिथं घर केलं होतं."

घर केलं होतं हे खरंच. एका कोपऱ्यात तिनं स्वतःसाठी उशी केली होती आणि तो कोपरा दगडासारखा भरला होता. बाकीच्या तीन कोपऱ्यांना तिचा हातही लागला नव्हता.

गादीवाल्यानं टाकलेलं दाभण उचललं आणि तो जमिनीवर बसला. मग त्यानं थोरलीकडे बघितलं.

"तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही बाहेर बस म्हणालात. बसले."

"ही काय मस्करी करायची गोष्ट आहे?"

"मला वाटलं, तुम्ही बघितलं असेल. ती कधीच बाहेर आली असेल, मागच्या खोलीत गेली असेल." ती थांबली. "सहा टाक्यांपर्यंत तसं वाटलं."

"आणि नंतर?"

थोरली पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. "नंतर वाटलं, बघू तुम्हाला कधी आठवतंय."

त्याचा हात उठला. हातात दाभण होतं म्हणून तो पुन्हा खाली आला. नाहीतर एक बसली असती, हे दोघांनाही कळलं.

तेवढ्यात नर्सबाई दारात. सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी, हातगाडीवाल्याला घेऊन. या बाईंची रात्रपाळी असायची, त्या दिवसा झोपत आणि तिरक्या झोपत, डोकं या कोपऱ्यात आणि पाय त्या कोपऱ्यात. त्यामुळं सगळ्या गावात कोपऱ्यांबद्दल इतकं काटेकोर गिऱ्हाईक दुसरं नव्हतं.

"झाली का हो, गादीवाले?"

"तीन कोपरे राहिलेत, सिस्टर."

"मग सकाळपासून केलंत काय?"

"मला शिवलं," धाकली म्हणाली. "बाबांनी मला आत घालून शिवलं. मी झोपले होते."

नर्सबाईंनी एकदा बापाकडे बघितलं, एकदा उसवलेल्या खोळीकडे. मग वाकून धाकलीचं मनगट धरलं, डोळ्याची पापणी ओढून बघितली, जीभ काढायला लावली. "ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "झोप छान लागली होती ना? म्हणजे कापूस चांगला पिंजलाय. मी सहाला येते." आणि जाता जाता गादीवाल्याला, "त्या बोटाला हळद तरी लावा. सगळं रक्त माझ्या गादीला नको."

तीन कोपरे तर भरायलाच हवे होते. धाकली पुन्हा आत गेली, कारण दुसरं कुणी मावतच नव्हतं. या खेपेला गादीवाला तोंडापाशी उकिडवा बसला आणि तिचा एक पाय धरून राहिला. पाय धरल्यावर तिला कोपऱ्यापर्यंत पोचता येईना. पाय सोडला तर याला धीर धरवेना. पाच मिनिटं हा तमाशा चालला. मग थोरली स्टुलावरून उठली.

"सरका," ती म्हणाली.

खांदे मावत नव्हते, पण डोकं मावत होतं. तिनं डोकं आत घातलं. "ए ससुल्या. तिकडं नाही. डावीकडं. ज्या हातानं जेवत नाहीस तो डावा. हां. आता मूठभर घे. एवढा नाही, मूठभर म्हटलं. आता बोटांनी नाही दाबायचं. टाच लाव. टाच म्हणजे पायाचं मागचं. लाव, आणि उभी राहा त्याच्यावर. झालं? थाप मार. दोनदा."

आतून दोन थापा आल्या.

अर्ध्या तासात तीन कोपरे झाले. धाकली बाहेर आली तेव्हा थोरलीनं तिला दंडाला धरून बापासमोर उभं केलं. "ही बघा. बाहेर आहे." तेवढं म्हणून ती पुन्हा स्टुलावर जाऊन बसली.

पाचला आई आली. चप्पल काढेपर्यंत धाकलीनं तिला सगळं सांगून टाकलं होतं, आणि तिच्या सांगण्यात ती आत दोन दिवस होती. आईनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं नाही म्हटलं नाही.

"किती टाके?"

"वीस असतील."

"आणि तू कितव्या टाक्याला बोललीस?"

"शेवटच्या," थोरली म्हणाली.

आईनं चहा ठेवला, गाळला, उभ्यानंच अर्धा कप प्यायली. ती दिवसभर यंत्राशेजारी काम करणारी बाई होती. तिथं यंत्राच्या पोटात हात घालायचा असला की आधी कळ बंद करून तिची चावी खिशात टाकावी लागे. ज्याचा हात आत, त्याच्याच खिशात चावी असेल असं नव्हे. पण चावी कुणाच्या तरी खिशात हवीच.

"अहो, उद्यापासून दाभण हिच्याकडे राहील," ती म्हणाली. "हिनं हातात दिलं तरच शिवायचं. गिऱ्हाईक दारात बोंबललं तरी."

"मला दाभण नकोय," थोरली म्हणाली. "मला आत जायचंय."

"तू मावत नाहीस."

दिवसभरात हे तिला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. ती रडली, बराच वेळ. आई भाजी चिरत राहिली. गादीवाल्याला काहीतरी बोलावंसं वाटत होतं. आपणही नवव्या वर्षी असेच रडलो होतो असं काहीतरी. पण आपण रडलो होतो की नाही हेच त्याला नक्की आठवेना, म्हणून तो ताटं घ्यायला उठला. जेवायला वाढल्यावर थोरली जेवली. धाकलीच्या ताटातलं अंडं तिनं तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर न्हाव्याची गादी घेतली. थोरलीनं दाभण फ्रॉकच्या खांद्याला टोचून ठेवलं होतं. धाकली आत, थोरलीचं डोकं आत, आणि बाप बाहेर मांडी घालून. चार वेळा थापा झाल्या. धाकली बाहेर आली. गादीवाल्यानं हात पुढं केला.

"थांबा," थोरली म्हणाली. तिनं बाहेरून चारही कोपऱ्यांवर अंगठा दाबून बघितला. तिसऱ्यापाशी परत गेली, पुन्हा दाबला. "हा पोकळ आहे. जा गं आत. दोन मुठी."

"मी दमले," धाकली म्हणाली.

"दमल्यावर झोपतेस तू, मला माहितीय. जा आणि आत गाणं म्हणत राहा."

धाकली गाणं म्हणत आत गेली. गादीवाल्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, न्हावी दारात घड्याळ बघत होता, आणि पाना परत द्यायला आलेला सायकलवाला दाराला टेकून हे सगळं बघत होता.

"दुकानाचा मालक बदलला वाटतं," तो म्हणाला.

"पाना ठेव आणि जा," गादीवाला म्हणाला.

गाणं थांबलं. दोन थापा झाल्या. धाकली बाहेर आली, तिला थोरलीनं डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं, जणू एखादा अवयव आत राहिला असेल. मग खांद्यावरचं दाभण काढून तिनं बापाच्या हातात दिलं.

त्यानं दोरा ओवला, गाठ मारली, आणि खोळीचं तोंड गुडघ्यावर ओढून शिवायला घेतलं.