पाठमोरी घरं

जोत्याची रेघ आखण्याआधी तो गवंडी मोकळ्या जमिनीवर मांडी घालून बसायचा आणि त्या घरात राहायला येणाऱ्या बाईलाही समोर बसवायचा. "बसा, आक्का. आता सांगा, दार कुटं पायजे?" बाई लाजायची. तिला असलं काही आजवर कुणी विचारलेलंच नसे. तुम्ही तिथं असता तर कंटाळून उठला असता. तो मात्र ओळंबा मांडीवर ठेवून थांबायचा. "लाजताय कशाला? ऱ्हायाचं तुमास्नी हाय की."

सोलापूरच्या एका धर्मादाय समितीत मी कारकून होतो. ओढ्याच्या पुरात झोपड्या वाहून गेलेल्या कुटुंबांना समिती घरं बांधून देत होती. नकाशा समितीतल्याच एका वकिलांनी काढला होता. दारं सडकेकडे, खिडक्याही सडकेकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दानधर्म नीट दिसावा, एवढीच त्यामागची योजना. आमचा हा कुंभारी गावचा गवंडी त्या नकाशात भाकरी गुंडाळत नसे, इतकाच काय तो त्यानं नकाशाचा मान राखला.

उद्घाटनाला अध्यक्ष मोटारीतून उतरले आणि थबकले. सहाच्या सहा घरं सडकेकडे पाठ करून उभी! दारं आतल्या अंगणात, एकमेकांकडे उघडणारी. फोटोग्राफरनं हळूच विचारलं, "फोटो नेमका कशाचा काढू?"

"नकाशा वाचता येत नाही तुला?" अध्यक्ष कडाडले.

"न्हाय येत, साहेब. बायकांस्नी इचारलं. सडकंच्या तोंडावर आंगुळ कशी करायची, म्हनत्यात."

सगळे सभासद आपापल्या पायातल्या जोड्यांकडे बघू लागले.

त्याला कामावरून काढल्याचं पत्र त्याच संध्याकाळी मी लिहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचूनही मीच दाखवलं. तो कागदाकडे बघत म्हणाला, "अक्षर लई झ्याक हाय, भाऊसाहेब."

पुढची घरं दुसऱ्या गवंड्यानं नकाशाबरहुकूम बांधली. महिन्याभरात तिथल्या बायकांनी खिडक्यांना गोणपाटं लावली आणि पुढची दारं बुजवून मागं काढून द्यायला आमच्या जुन्या गवंड्यालाच बोलावणं धाडलं. दिवसभर दुसरीकडे राबून तो उरलेल्या उजेडात तेही करून द्यायचा. मजुरीचं विचारलं की म्हणायचा, "चा पाजा की."

पुढं एक गोरा साहेब घरं बघायला आला आणि त्या अंगणावर खूश होऊन गेला. झालं! वार्षिक अहवालात छापून आलं, 'अध्यक्षमहोदयांच्या दूरदृष्टीने घरांची दारे अंगणाकडे ठेवण्यात आली.' वाक्य माझंच होतं.

निदान त्याच्यासमोर कबूल करावं म्हणून अहवाल घेऊन मी कुंभारीला गेलो. पंधरा दिवसांपूर्वीच तो तापानं गेला होता. त्याची बायको ज्वारी निवडत बसली होती.

"ह्यांच्या कामाचं छापून आलंय व्हय?" हातातला कागद बघून तिनं विचारलं. "वाचा की."

मी वाचलं. अध्यक्षांच्या जागी तिच्या नवऱ्याचं नाव घालून वाचलं. नाव घेताना जीभ अडखळली.

तिनं निवडायचं थांबवून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आसं छापलं नसंल," ती म्हणाली. "पर वाचा अजून एकदा."