गाठ नसलेली दोरी

खात्यातली कितीतरी प्रकरणं आता डोक्यातून पुसली गेली. पण अहमदपूरच्या त्या वेल्डरला ठाण्यात बसवलं, तो दिवस अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे येतो.

मी मूळचा कोकणातला. दहावीनंतर शाळा सुटली, पोलीस भरतीपायी घर सोडलं आणि सगळी नोकरी नांदेड-लातूरकडेच झाली. परक्या मुलखात आपल्या हातून कुणाचं वाटोळं होईल, ही धास्ती मात्र शेवटपर्यंत गेली नाही. त्या वेळी मी हवालदार होतो.

गावाबाहेर तुरीच्या बांधावरून जाणाऱ्या एका मजुराच्या मांडीत लोखंडी बाण घुसला होता. माणूस वाचला, पण बाण मारला कुणी हे कळेना. घटनास्थळी बाभळीच्या बुंध्याला नायलॉनच्या दोरीचा गाठ मारलेला तुकडा तेवढा मिळाला. चार दिवसांनी त्या शेताचा मालक ठाण्यात आला आणि खुर्ची ओढून हळूच म्हणाला, "माझं नाव नका घेऊ साहेब. ट्रॉली जोडाया गेलतो तवा बघितलं. त्या वेल्डिंगवाल्या भाईकडं धनुष्य-बाण बनवून राहिलेत."

पंच घेऊन दुकानावर गेलो. बिनदोरीचं एक धनुष्य आणि बाण सापडले, शिवाय खुंट्यांची एक फिरती चौकट आणि स्क्रूचा शिकंजा. सगळं जप्त करून भाईला ठाण्यात आणलं. फाटकाबाहेर माणसं जमली, "गुन्हा दाखल करा" म्हणू लागली.

आमच्या ठाण्याच्या फौजदार साहेबांनी चौकशी सुरू केली. "हा शिकंजा कशाला? लोकांची बोटं मोडायला?"

"न्हाई साहेब. धनुष्य दाबून दोरी बदलायला. माझी पोरगी धनुर्विद्या शिकून राहिली. उद्या नांदेडला निवड चाचणी हाय, अन् आज तिची दोरी तुटली. तीच बनवत व्हतो, तवर तुम्ही आले."

"आणि ही चौकट?"

"दोरीचीच. इथं तशी दोरी मिळत न्हाई."

"मग बनवून दाखव इथंच. खोटं निघालं तर रात्र कोठडीत."

भाईनं चौकट पुढ्यात ओढली. धागा खुंट्यांवर भराभर फिरू लागला. बराच वेळ पाहून मी विचारलं, "गाठ कुठं मारणार?"

तो पहिल्यांदा हसला. "गाठ मारली तर तिथंच तुटती की, साहेब. एकच धागा फिरवत न्यायचा अन् टोकं वरून गुंडाळलेल्या धाग्याखाली दाबायची."

मी उठलो आणि बाभळीवरचा तुकडा आणून साहेबांपुढे ठेवला. बैल बांधतात तशी सरकती गाठ, पण उलट्या अंगानं मारलेली. साहेबांनी दोन्ही दोऱ्या हातात घेतल्या. "मग ही कुणाची?"

त्याच वेळी शेतमालक फाटकाशी मोटारसायकल लावून आत काय चाललंय ते पाहत होता. दवाखान्यात त्या मजुराला रोज डबा नेणारा तोच. डबा कॅरिअरला बांधलेला, आणि गाठ तशीच, उलट्या अंगाची. माणूस डावरा होता.

मी ती गाठ दाखवली तसं साहेबांनी त्याला आत बोलावलं. "मामा, रोज डबा नेता. मजूर पाव्हणा लागतो का तुमचा?"

तो कबुलीच देऊ लागला. "रानडुकरं तूर लई नासून राहिले व्हते, साहेब. जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याचं धनुष्य करून बाभळीला बांधलं. तारेला पाय लागला की सुटायचं. माणसाचा पाय पडंल असं वाटलंच न्हाई." मग भाईकडं न बघता म्हणाला, "भ्यालो, म्हणून तुमचं नाव घेतलं."

त्याच्यावर रीतसर गुन्हा नोंदला. भाईचं सामान परत केलं. नवी दोरी टेबलावरच होती. मी विचारलं, "हिचं काय करायचं?" साहेब म्हणाले, "तो मुद्देमाल नाही, प्रात्यक्षिक आहे. देऊन टाका, पोरीची सकाळची बस चुकायला नको."

त्या दिवसापासून कुणाच्या घरातल्या वस्तूला हत्यार म्हणण्याआधी मी विचारत आलो, चालवून दाखवता का? ही सवय मला त्या साहेबांनी आणि त्या भाईनं लावली. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच.

चाचणीनंतर पोरगी बापाबरोबर बसस्टँडवरून थेट ठाण्यात आली, पाठीवर धनुष्य तसंच. निवड झाली का, हे विचारायचा मला धीर होईना.

तीच म्हणाली, "चाचा, तुमच्या टेबलावरची दोरी. शेवटच्या बाणापर्यंत तुटली न्हाई."