पुढचा माणूस येईपर्यंत

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत साताऱ्यातल्या त्या लहानशा चर्चमध्ये एक शनिवार साखळी-प्रार्थनेचा असे. सकाळी सातपासून दोन-दोन तासांचे वाटे लावलेले असत. नियम एकच : पुढचा माणूस आल्याशिवाय आधीच्यानं उठायचं नाही.

१९९६ साली याकोब रणभिसे यांना दुपारचे तीन ते पाच मिळाले. कोरेगावच्या एका दवाखान्यात त्यांनी चौतीस वर्षं औषधं बांधून दिली होती, म्हणून सगळे त्यांना कंपाउंडरकाका म्हणत. पत्नी एस्तेर वारल्यापासून साताऱ्यातल्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत. एकुलता एक मुलगा रूबेन नोकरीला मस्कतला. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहाला शेजारच्या रहिमतबींच्या बेकरीत त्याचा फोन येई. चार मिनिटांचं बोलणं, पण काका त्यावर महिना काढत. आजचा शनिवार दुसराच होता. तरी काळजी नव्हती. पाचला पुढच्या वाट्याचा नानासो येणार आणि बेकरी चर्चपासून वीस मिनिटांवर.

वाटे लावताना एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. त्याच दुपारी विश्वचषकातली भारत-पाकिस्तान मॅच होती.

पाच वाजले, सव्वापाच झाले. रस्त्यावरून आरोळी उठली, मागोमाग एक फटाका वाजला. नानासोचा पत्ता नव्हता. काकांनी प्रार्थनेचे विषय लिहिलेला कागद पुन्हा हातात घेतला. आजारी माणसं, परीक्षेला बसलेली मुलं, विधवा, परगावी नोकरीला गेलेली मुलं. तिथवर आलं की मन कागदावरून उठे आणि थेट बेकरीत जाऊन काळ्या फोनपाशी बसे. ते पुन्हा वरून सुरुवात करत. आजारी माणसं... चौथ्या ओळीवर पुन्हा तेच.

सहाला वीस मिनिटं उरली तेव्हा ते उठले. चपला घालून पायरीवर आले. समोरच्या टीव्हीच्या दुकानापुढं पन्नासएक माणसं माना उंचावून उभी होती. चर्चकडे कुणाची नजर नव्हती. जाऊन, बोलून, परत यायला फार तर पाऊण तास. कुणाला कळणारही नव्हतं. त्यांनी मागं वळून पाहिलं. आतल्या सगळ्या बाकांवर उतरतं ऊन पडलं होतं आणि माणूस एकही नव्हता. आपण गेलो तर आत कुणीच उरणार नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं. चपला काढून ते आत गेले आणि गुडघ्यांवर बसले. सहाचे ठोके त्यांनी तसेच ऐकले.

साडेसहाला नानासो धापा टाकत आला. वीज मंडळातला पन्नाशीचा माणूस, पण तोंड परीक्षा बुडवलेल्या पोरासारखं झालेलं.

"काका, चुकलं बगा. आत्ता मधली सुट्टी झाली तवा घड्याळाकडं बगितलं. पर लय धावा केल्यात आपण!"

"देवाला सांग ते."

"थट्टा करू नका, आवं." नानासोनं दाराजवळची वही ओढली. वाटा संपला की तिच्यात सही करायची पद्धत होती. "पाचपासनं माझीच सही टाकतो. पास्टरसाहेबांना कशाला उगीच?"

"साडेसहापासनं टाक. मदला वेळ मोकळा सोड."

"आन् तुमी बसला हुता त्यो?"

"बसलो हुतो. पर प्रार्थना केली न्हाई. माझं समदं ध्यान फोनकडं हुतं."

नानासोनं वही त्यांच्यापुढं सरकवली. काकांनी पाचपर्यंतची सही केली आणि ते बाहेर पडले.

बेकरीत रहिमतबी ट्रेमधली खारी डब्यात भरत होत्या. रेडिओवर मॅच पुन्हा सुरू झाली होती.

"आवं कंपाउंडरभाई, कुठं हुता? सहाला फोन वाजला की!"

"काय म्हनला?"

"म्हनला, बाबा मॅच बगत बसले असतील. मी म्हनलं, न्हाई रे बेटा, चर्चमदी बसल्यात, सकाळीच सांगून गेल्यात. मग हळूच म्हनला, तिथं माझं नाव घेतात का हो?"

"मग?"

"मी म्हनलं, घेत्यात की! बाप न्हाई घेनार तर कोन? खरं हाय न्हवं?"

दीड तास पोरगा डोळ्यांपुढून हलला नव्हता, पण त्याचं नाव घेऊन देवापाशी त्यांनी काहीच मागितलं नव्हतं.

"न्हाई घेतलं, बी," ते म्हणाले.

पुढचा फोन आता तेरा एप्रिलला. घरी जाऊन दिवा लावायचा, सकाळची भाकरी खायची. त्यांचा पाय निघेना. भट्टीजवळच्या बाकड्यावर ते टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले.

"रूबेन," ते पुटपुटले.

रहिमतबींनी रेडिओ बंद केला.