दोन घरांची उडी

"मात कुणीही करील, समोरच्याला हात न लावता जागच्या जागी अडकवता आलं पाहिजे," असं साईनाथ परब एकदा म्हणाले होते.

आंबिवलीच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं यंत्रांचे नकाशे काढले. निवृत्तीनंतर कोपरच्या आमच्या वाचनालयातला फळा त्यांनी ताब्यात घेतला. दर रविवारी त्यावर बुद्धिबळाचं एक कोडं. शेवट कायम एकच: काळ्या राजाला शह नाही, पण काळ्याला करायला एकही चाल उरलेली नाही. डाव बरोबरीत. त्यातही अखेरची चाल प्याद्याची असली की परब खूश. प्यादं दोन घरं उडी मारतं आणि सगळा पट गप्प होतो.

उत्तरं चिठ्ठीवर द्यायची. परब ती लाल शाईने तपासून फळ्याशेजारी टाचत. चुकलेलीसुद्धा, नावासकट.

यंदा त्यांच्या निवडक अठ्ठेचाळीस कोड्यांचं पुस्तक काढायचं ठरलं. परबांनी आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली बहुधा ही एकच गोष्ट. ग्रंथपाल हेमाने कोडी कॉम्प्युटरवर घातली. सोमवारी सकाळी परब प्रुफं न्यायला आले.

"काका, बसा ना जरा."

"का? घोडे उलटे छापलेस की काय?"

"घोडे ठीक आहेत. अकरा कोड्यांत काळ्याला एक चाल राहतेय."

परब हसले. "तुझ्या मशीनला माझ्याकडे पाठव. फुकट शिकवीन."

हेमाने पट मांडला. "पांढरं प्यादं दोन घरं आलं. शेजारी काळं प्यादं उभं आहे. ते याला मधल्या घरातच मारू शकतं, हे एकच घर आलंय असं धरून. नियम आहे तसा."

"असं कुठे मारतात? आमच्या कणकवलीला..."

ते थांबले. कणकवलीला प्यादं एकच घर चालायचं. दोन घरांची चाल ते कारखान्याच्या कँटीनमध्ये शिकले. तिच्यासोबत येणारा नियम कुणी सांगितला नव्हता, आणि त्यांनी कुणाला विचारला नव्हता.

चाल त्यांनी स्वतः करून पाहिली. दुसऱ्यांदाही. मग पटावरून त्यांची नजर पेपरच्या टेबलाकडे गेली. तिथे माझ्यासमोर राघो म्हात्रे बसला होता, कोपर गावातला, वडील मिठागरावर राबलेले. नऊ वर्षांपूर्वी त्याने चिठ्ठी दिली होती: काळ्याला अजून एक चाल आहे. परबांनी खाली लाल शाईने लिहिलं होतं, 'मिठागरात असेल.' आठवडाभर ती चिठ्ठी फळ्याशेजारी होती. आम्ही हसलो होतो. मी तर ती दोघातिघांना बोलावून दाखवली होती. राघोने नंतर चिठ्ठी दिली नाही. पेपर वाचायला मात्र रोज येत राहिला.

"काका, सदतीस बरोबर आहेत," हेमा म्हणाली. "तेवढी छापू."

परब अजून राघोकडेच बघत होते.

राघोने पेपरचं पान उलटलं. "जाव दे परब," तो मान वर न करता म्हणाला. "मना तरी तवा कुठं पक्का ठावं व्हता?"

परब उठले. राघोच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. हेमाने माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात डोकं घातलं. राघो वाट पाहत होता; त्याची बोटं पानावर थांबली होती. परबांचे ओठ नुसतेच हलले. मग त्यांनी हात काढून घेतला, प्रुफं टेबलावर तशीच राहू दिली, दाराशी चपला घातल्या आणि निघून गेले.